थंड हवेच्या बागेत खायची द्राक्षं

थंडीने द्राक्षवेल मरते, ही भीती आधी मनातून काढून टाका. पानगळ होऊन वेल झोपी गेली की साधी युरोपीय जातीची वेलसुद्धा उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसते. अमेरिकी रानद्राक्षांशी संकर केलेल्या जाती त्याच्याही बऱ्याच खाली तग धरतात. थंड प्रदेशात द्राक्षाचं घोडं अडतं ते उन्हाळ्यात. वेल जगते, भिंतभर पसरते, घडही धरते. पण मणी हिरवे, आंबट आणि टणक असतानाच ऊन उतरतं, पानं पिवळी पडतात आणि सगळं तिथेच थांबतं. म्हणून खाली जे सांगते आहे त्या सगळ्याचा रोख एकच आहे. मिळेल तेवढी ऊब गोळा करायची आणि ती मोजक्याच घडांवर खर्च करायची.

ऊब मोजून घ्या

द्राक्षवेलीची वाढ साधारण १० अंशांच्या वर सुरू होते. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा आणि त्यातून १० वजा करा. उरेल ती त्या दिवसाची कमाई. कमाल २२ आणि किमान १२ असेल तर सरासरी १७, म्हणजे ७ अंश-दिवस. सरासरी १० च्या खाली गेली तर त्या दिवशी शून्य. उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबर अशी सात महिन्यांची बेरीज करतात. १९४४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲमरिन आणि विंकलर यांनी वाइनच्या द्राक्षांसाठी या बेरजेवरून प्रदेशांची वर्गवारी केली. १,३९० च्या आतली बेरीज म्हणजे त्यांच्या लेखी सर्वात थंड गट. माझ्या बागेची बेरीज हजाराच्या आगेमागे राहते. एवढ्या उबेत लवकर येणाऱ्या जाती भिंतीच्या आधाराने पिकतात, उशिराच्या पिकत नाहीत. तुमची बेरीज आठशेच्याही खाली जात असेल तर उघड्यावर वेल लावू नका, काचघर किंवा पॉलीटनेलचा (प्लॅस्टिकच्या बोगद्यासारख्या आच्छादनाचा) विचार करा.

कंटाळा न करता हा हिशेब एका हंगामाचा तरी मांडाच. रोपाच्या चिठ्ठीवर ‘थंडीला कणखर’ असं लिहिलेलं असतं ते हिवाळ्यापुरतं. फळ पिकेल की नाही याबद्दल त्या चिठ्ठीत एक अक्षर नसतं.

भिंत हवी

उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला तोंड करून असलेली विटांची किंवा दगडाची भिंत, याहून चांगली जागा नाही. दिवसभर तापलेली वीट रात्री ती ऊब हळूहळू सोडते, आणि भिंतीलगतची रात्र उघड्या अंगणापेक्षा सौम्य जाते. पश्चिमेची भिंत ही दुसरी पसंती. पूर्वेच्या भिंतीला सकाळचं ऊन मिळतं, पण दिवस खरा तापतो तोवर ती सावलीत गेलेली असते.

फ्रान्समध्ये फोंतेनब्लोजवळ थोमरी नावाचं गाव आहे. अठराव्या शतकापासून तिथल्या लोकांनी खास द्राक्षांसाठी एकामागे एक समांतर भिंती बांधल्या, त्यांवर शासला जातीच्या वेली चढवल्या आणि ही खायची द्राक्षं पॅरिसच्या बाजारात पाठवली. तिथला उन्हाळा काही फार कडक नव्हे. ती गोडी भिंतींनी आणली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे घराची एक उन्हाची भिंत असेल तर तिथे शोभेचं काही लावू नका, ती द्राक्षाला द्या.

वेल भिंतीला चिकटवायची मात्र नाही. भिंतीपासून १० ते १२ सेंटीमीटर पुढे, एकमेकींपासून ३० सेंटीमीटरवर आडव्या तारा ताणा. पानांमागून वारा खेळला पाहिजे, नाहीतर भुरी हा बुरशीचा रोग आलाच म्हणून समजा. रोप भिंतीपासून ३० सेंटीमीटर तरी पुढे लावा. अगदी पायथ्याशी माती कोरडी असते आणि पाया खणताना पडलेल्या चुन्या-विटांनी भरलेली असते. पायथ्याशी गडद रंगाचे दगड पसरले तर तेही ऊन साठवतात. माझ्या वेलीखाली काळसर गोटे आहेत आणि त्यांच्यामुळे तणही कमी उगवतं.

एक गोष्ट जागा ठरवण्यापूर्वी तपासा. जमिनीला उतार असेल तर रात्रीची थंड हवा खाली वाहत जाऊन तळाशी साचते. अशा खोलगट कोपऱ्यात वसंतातलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, उशिरापर्यंत पडत राहतं. एखाद्या निरभ्र पहाटे गवत कुठे पांढरं झालंय आणि कुठे हिरवं राहिलंय ते फिरून बघा. हिरव्या भागात वेल लावा.

मातीबद्दल थोडक्यात. पाणी तुंबू नये, बाकी वेल फारशी चोखंदळ नाही. सामू (pH) ६ ते ७ च्या आसपास असला की पुरे. भरपूर शेणखत घालून जमीन श्रीमंत करू नका. वेल नुसती पानांवर जाते, काड्या, म्हणजे त्या वर्षीच्या फांद्या, उशिरापर्यंत हिरव्या राहतात आणि न पिकलेली काडी हिवाळ्यात मरते.

कोणती जात

दुकानातल्या बिनबियांच्या द्राक्षांची चव जिभेवर असते, म्हणून थॉम्पसन सीडलेस लावावीशी वाटते. ती लांब आणि कडक उन्हाळ्याची जात आहे, थंड बागेत तिचा नाद सोडा. मात्र तिची लेक थंडीत छान येते. तिचं नाव हिमरॉड. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रात ओंटारिओ आणि थॉम्पसन सीडलेस या दोन जातींच्या संकरातून ती निघाली आणि १९५२ मध्ये प्रसारित झाली. पिवळसर हिरवे, बिनबियांचे, मधासारख्या चवीचे मणी, आणि लवकर पिकणारी. तिचा घड सुटसुटीत असतो, मणी एकमेकांना दाबत नाहीत, त्यामुळे ओल्या हवेत सडणं कमी. थंड बागेत पहिली वेल कोणती, असं कुणी विचारलं तर मी हिमरॉडचंच नाव घेते. तिच्याच संकरातली बहीण इंटरलेकन आणखी लवकर येते, मणी मात्र बारीक.

काळं द्राक्ष हवं असेल तर बॉस्कूप ग्लोरी. ही हॉलंडची जात. बिया आहेत, मणी मध्यम आकाराचे, पण उघड्या भिंतीवर दरवर्षी भरवशाने पिकणारी. माझ्या भिंतीवर हिमरॉडच्या शेजारी हीच आहे. सप्टेंबर थंड गेला तरी तिने मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही. फवारणी अजिबात नको असेल तर जर्मनीत तयार झालेली फिनिक्स बघा. रोगांना दाद न देणारी, हिरव्या मण्यांची, किंचित मस्कत द्राक्षासारख्या वासाची, बियांची. कॅनडातल्या ओंटारिओची व्हॅनेसा लाल आणि बिनबियांची आहे, मणी चावायला कुरकुरीत.

हिवाळा फारच क्रूर असेल, पारा उणे २५ आणि त्याखाली जात असेल, तर युरोपीय जातींचा हट्ट धरू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एल्मर स्वेन्सन यांनी अशा थंडीसाठी आयुष्यभर संकर केले. सॉमरसेट सीडलेस ही त्यांचीच जात. अशा ठिकाणी काही लोक शरदात वेल तारांवरून सोडवून जमिनीवर निजवतात आणि माती किंवा पेंढ्याखाली झाकतात. वेल लवचीक ठेवायची असेल तर खोड जाड होऊ द्यायचं नाही, जमिनीलगत नव्या काड्या धरत राहायच्या.

अमेरिकी रक्ताच्या अनेक जातींना एक वेगळाच दाट गोड वास असतो. तो मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्यामुळे येतो. मण्याची साल जाड असते आणि दाबलं की गर आतून सटकन बाहेर येतो. काहींना हे फार आवडतं, काहींना मुळीच नाही. लावण्यापूर्वी कुणाकडे तरी चाखून घ्या, कारण वेल पुढची कित्येक वर्षं तुमच्या भिंतीवर असणार आहे.

ब्लॅक हॅम्बर्ग आणि मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया ही नावं ऐकून मोह होईल. पहिली काचेखालची आहे, दुसरीला काचेबरोबर ऊबही द्यावी लागते.

लावणी आणि पहिली तीन वर्षं

मोकळ्या मुळांचं रोप वेल झोपलेली असताना लावतात, कुंडीतलं रोप वसंतात. कलमी असेल तर कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, नाहीतर वरची जात स्वतःची मुळं सोडते. दोन वेलींत दीड मीटर अंतर ठेवा, जोमदार जातीला जास्त. लावल्यावर दोन-तीन डोळे (काडीवरच्या कळ्या) ठेवून रोप छाटा. इथे हात कचरतो, पण छाटाच.

पहिल्या उन्हाळ्यात सर्वात जोरकस फूट एक निवडा आणि सरळ वर बांधत जा. बाकीच्या फुटी एका पानावर खुडा. हिवाळ्यात ही काडी जिथपर्यंत तपकिरी आणि पेन्सिलीएवढी जाड आहे तिथपर्यंतच ठेवा, पुढचा बारीक हिरवट भाग काढून टाका. पहिल्या दोन वर्षांत दिसेल तो फुलोरा खुडून टाका. तिसऱ्या वर्षी तीन घड ठेवा, चौथ्या वर्षी चार-पाच. मुळं बसण्याआधी वेलीवर घडांचं ओझं टाकलं तर ती पुढची काही वर्षं मागे पडते.

छाटणी

उष्ण प्रदेशात वेल झोपतच नाही. तिथे वर्षातून दोनदा छाटून तिला फळावर आणावं लागतं, एकदा खरड छाटणी आणि एकदा फळछाटणी. थंड प्रदेशात हिवाळाच तिला झोपवतो, म्हणून मोठी छाटणी एकच, आणि ती भर हिवाळ्यात. वसंताच्या तोंडावर मुळं जागी झाली की छाटलेल्या जागेतून पाणी टपटप गळू लागतं. या गळतीने वेल मरत नाही, पण जखम लवकर कोरडी होत नाही, आणि काचघरातल्या वेलीला तर डिसेंबरच्या आसपासच हात घातलेला बरा. उघड्यावर कडाक्याची थंडी पडत असेल तर मी हिवाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत थांबते. काही डोळे थंडीने गेले असतील तर ते कळतं आणि त्या मानाने जास्त डोळे राखता येतात. डोळा ब्लेडने आडवा कापून बघा. आत हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर गेलेला.

छाटणीमागचं तत्त्व एवढंच. घड लागतात ते या वर्षीच्या हिरव्या फुटीवर, आणि ती फूट यायला हवी गेल्या वर्षीच्या काडीच्या डोळ्यातून. जुन्या जाड खोडातून फुटलेली फूट बहुधा वांझ निघते. म्हणून दरवर्षी गेल्या वर्षीच्या काड्यांचा मोठा भाग जातो आणि थोडाच राहतो. नव्वद टक्के लाकूड काढलं तरी वावगं नाही.

ते थोडं कसं राखायचं याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एक कायमचा ओलांडा, म्हणजे खोडाची जुनी मुख्य फांदी, ठेवतात आणि त्यावरची प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर आखूड छाटतात. ब्लॅक हॅम्बर्गला हे मानवतं. दुसऱ्यात जुना ओलांडाच नसतो. खोडाच्या माथ्यापासून गेल्या वर्षीच्या एक-दोन लांब काड्या आठ-दहा डोळ्यांच्या राखून तारेवर आडव्या बांधायच्या, आणि जवळच दोन डोळ्यांची एक आखूड काडी पुढच्या वर्षासाठी ठेवायची. हिमरॉडला हा दुसरा प्रकार द्या. थॉम्पसनकडून तिच्यात आलेली खोड अशी की काडीच्या बुडाचे डोळे फारसं फळ देत नाहीत, घड पुढच्या डोळ्यांवर असतात. तिला आखूड छाटलं तर वर्षभर पानंच बघावी लागतात. जातीची माहिती नसेल तर पहिल्या वर्षी दोन्ही प्रकारे छाटून कुठे घड येतात ते बघा.

लांब काडी बांधताना ती कमानीसारखी वाकवा. उभी ठेवली तर टोकाचे डोळे जोरात फुटतात आणि मधले झोपून राहतात. काचघरात याच कारणासाठी हिवाळ्याच्या शेवटी ओलांड्याचं टोक सोडून खाली झुकवून ठेवतात आणि डोळे सगळीकडे सारखे फुटले की परत वर बांधतात.

वसंत: दहिवराशी गाठ

डोळे फुगून पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, दिसू लागला की रोज संध्याकाळी आभाळाकडे बघायची सवय लागते. झोपलेली वेल उणे १५ सोसते, पण कोवळी हिरवी फूट उणे १ किंवा २ अंशांतच काळी पडते. निरभ्र, निवांत, वारा नसलेली रात्र असेल तर संध्याकाळीच वेलीवर बागेसाठी मिळणारं पांढरं विणहीन कापड टाका. जुनी चादरही चालते. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर तिथे इजा होते. सकाळी झाकण काढा.

फूट गेलीच तर लगेच छाटू नका. द्राक्षाच्या एका डोळ्यात एकाहून जास्त कळ्या असतात. पहिली मेली की मागची फुटते. तिच्यावर घड कमी येतात, कधी येतही नाहीत, पण वेल सावरते.

फुटी बोटभर झाल्या की विरळणी करा. एका जागी दोन-तीन फुटी निघाल्या असतील तर घडाचा दोडा (इवलासा कोवळा घड) दिसणारी चांगली फूट ठेवून बाकीच्या अंगठ्याने मोडा. त्या सहज मोडतात, कात्री लागत नाही.

फुलोरा डोळे फुटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी येतो. द्राक्षाची फुलं इतकी बारीक की न बघणाऱ्याला कळतही नाहीत, पण वास मंद आणि गोड असतो. पाकळ्या उघडत नाहीत, त्यांची टोपी होऊन गळून पडते. बागेतल्या जवळजवळ सगळ्या जाती स्वतःच्याच परागाने फळतात, एकच वेल असली तरी चालते. याच आठवड्यात पाऊस आणि गारठा आला तर टोप्या नीट गळत नाहीत आणि मणी धरत नाहीत. भिंतीच्या माथ्यावर फूटभर पुढे आलेली एक पारदर्शक पट्टी या दिवसांत फार कामाला येते. कोरड्या दुपारी तारांना हलका झटका दिला की पराग उडतो.

आणखी एक गोष्ट याच काळात घडत असते. पुढच्या वर्षीचे घड या दिवसांत आत्ताच्या काडीवरच्या डोळ्यांमध्ये आकार घेत असतात. त्या डोळ्यांना ऊन आणि ऊब लागते. जी काडी पुढच्या वर्षी राखायची आहे ती पानांच्या गर्दीत गाडू देऊ नका.

उन्हाळा: कमी ठेवा, उघडं ठेवा

सगळ्यात कठीण काम आता येतं, आणि चांगलं फळ यावरच ठरतं. प्रत्येक फुटीवर एकच घड ठेवा. दोन-तीन आलेले असतात, सर्वात सुडौल तो राखा आणि बाकीचे कापा. भिंतीवरच्या पूर्ण वाढलेल्या वेलीवरही ओलांड्याच्या दर ३० सेंटीमीटरला एक घड पुरे. एक घड गोड व्हायला बारा-चौदा निरोगी पानं लागतात. म्हणून थंड बागेत घडाच्या पुढे दोनच पानं ठेवून शेंडा खुडण्याची जुनी काचघरातली रीत मी पाळत नाही. फूट वरच्या तारेपर्यंत जाऊ देते आणि मग शेंडा मारते. बगलफुटी मात्र निघतील तशा एका पानावर खुडत राहते.

मणी वाटाण्याएवढे झाले की घडाची विरळणी. ज्या जातीचे घड गच्च असतात त्यांना हे चुकत नाही. लांब, निमुळत्या टोकाची कात्री घ्या आणि दुसऱ्या हातात बारकी काडी. मण्यांना बोट लावायचं नाही. त्यांच्यावर पांढुरका मेणाचा थर असतो, तो पुसला तर मणी डागाळलेला दिसतो आणि पावसाचं पाणीही टिकून राहतं. काडीने घड अलगद फिरवा. आधी आतल्या बाजूचे मणी काढा, मग खुरटलेले, मग अशी जागा शोधा जिथे दोन मणी आत्ताच एकमेकांना टेकले आहेत. घडाचे खांदे सैल सोडा. साधारण एक तृतीयांश मणी जातात, फार गच्च घडातले निम्मे. कापून झाल्यावर घड विरळ आणि दरिद्री दिसतो. पंधरा-वीस दिवसांनी बघा, फटी भरलेल्या असतात. न विरळलेल्या घडात मणी दाबून फुटतात, फुटलेल्या मण्यात करडी बुरशी शिरते आणि आठवड्यात अख्खा घड जातो. मला हे काम आवडतं. सकाळी पानावरचं दव वाळलं की स्टूल घेऊन बसायचं आणि घाई करायची नाही.

मणी धरल्यावर घडाभोवतीची दोन-तीन पानं काढा, म्हणजे वारा आणि ऊन आत जाईल. हे लवकर करा, मणी लहान आणि हिरवे असतानाच. उन्हाळ्याच्या शेवटी सावलीत वाढलेला घड एकदम उघडा पाडला आणि त्या दिवशी ऊन कडक निघालं तर मणी भाजतात.

पाणी नव्या वेलीला नियमित द्या, जुन्या वेलीला दीर्घ उघडीप असेल तरच. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे ते मऊ होऊन रंग बदलू लागले, की पाणी आखडतं घ्या. कोरड्यात राहिलेल्या वेलीवर एकदम जोराचा पाऊस आला तर मणी तडकतात. म्हणून वेलीखाली आच्छादन असावं, ओल एकसारखी राहते.

रोग आणि चोर

भुरी ही भिंतीवरच्या वेलीची मुख्य शत्रू. पानांवर आणि मण्यांवर राखेसारखा थर येतो, मण्याची साल वाढायची थांबते आणि आतला गर वाढत राहिल्याने मणी फाटतो. हा रोग युरोपात पहिल्यांदा १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला दिसला, आणि त्यावर गंधक चालतं हेही तेव्हाच कळलं. आजही गंधकच पहिला उपाय आहे, पण भुरी दिसण्याआधी, फुटी वीतभर झाल्यापासून. फार गार हवेत गंधक काम करत नाही आणि कडक उन्हात पानं जाळतं. कॉनकॉर्डसारख्या अमेरिकी जातींना ते मुळीच सोसत नाही, हे फवारण्याआधी लक्षात घ्या. पायथ्याशी कोरडेपणा आणि वर पानांची कोंडी असली की भुरी हमखास येते. आधी या दोन गोष्टी दुरुस्त करा.

केवडा हा दुसरा बुरशीचा रोग ओल्या हवेत येतो. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी लव. गळलेली पानं शरदात गोळा करून बागेबाहेर टाका.

खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तो रोग नाही, मॅग्नेशियमची कमतरता आहे. पालाश (पोटॅश खत) जास्त दिलं की हे होतं. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं की काम भागतं.

पक्षी आणि गांधीलमाश्या गोडी तुमच्या आधी ओळखतात. मण्यांचा रंग बदलायला लागला की मी प्रत्येक घडाला जाळीदार कापडाची पिशवी चढवते आणि तोंड देठाशी बांधते. वेलीवर सैल जाळं टाकू नका, पक्षी त्यात अडकून मरतात.

काचेखाली आणि कुंडीत

लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात १७६८ मध्ये लावलेली वेल अजून फळते. जात ब्लॅक हॅम्बर्ग. तिच्या मुळांसाठी काचघराबाहेरची जमीन मोकळी राखलेली आहे आणि वेल आत पसरली आहे. जागा असेल तर हीच मांडणी करा. मूळ बाहेर, खोड भिंतीतल्या छिद्रातून आत. पावसाचं पाणी मुळांना आपोआप मिळतं. हिवाळ्यात काचघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा, वेलीला झोपेसाठी गारवा हवा असतो.

कुंडीत वेल लावायची तर निदान ३५ ते ४० सेंटीमीटर तोंडाची कुंडी घ्या, एक खोड कमरेएवढं वाढवून माथ्यावर चार-पाच आखूड काड्या राखा आणि तेवढेच घड. फायदा असा की फुलोऱ्यात आणि पिकताना तिला आडोशाला हलवता येतं. कुंडीतली मुळं मात्र जमिनीतल्यापेक्षा लवकर गोठतात, म्हणून कडाक्यात कुंडीला गोणपाट गुंडाळा.

तोडणी आणि साठवण

रंग आला म्हणजे द्राक्ष पिकलं असं नाही. रंगानंतर गोडी भरायला कित्येक आठवडे जातात, आणि तोडलेलं द्राक्ष नंतर पिकत नाही. साखर भरत असतानाच आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल कमी होत जातं, पण ते उबेतच कमी होतं. थंड बागेतली द्राक्षं साखर असूनही आंबट लागतात ती यामुळे. म्हणून भिंतीलगतची सप्टेंबर-ऑक्टोबरची दुपार हाताशी असेल तोवर घड वेलीवर राहू द्या. चाखताना खांद्यावरचा मणी घेऊ नका. घडाच्या अगदी टोकाचा मणी सर्वात शेवटी पिकतो, तो गोड लागला तर घड तयार. बियांच्या जातीत बी तपकिरी झालेली असावी. रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असेल तर १७-१८ ब्रिक्सच्या (साखरेच्या अंशांच्या) पुढे गेल्यावर मी कात्री हातात घेते.

पहिलं जोराचं दहिवर पानं मारतं. पानं गेली की गोडी भरणं संपलं, मग वाट बघण्यात अर्थ नाही.

तोडताना घडाबरोबर काडीचा तुकडा ठेवा, घडाच्या खाली वीतभर आणि वर थोडा. थोमरीच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेली ही युक्ती आहे. काडीचं खालचं टोक पाणी भरलेल्या बाटलीत खोवायचं, पाणी नासू नये म्हणून त्यात लोणारी कोळशाचा तुकडा टाकायचा आणि बाटल्या अंधाऱ्या, गार, कोरड्या खोलीत तिरक्या लावायच्या. घड बाटलीला टेकू न देता बाहेर लटकला पाहिजे. ते लोक अशी द्राक्षं वसंतापर्यंत टिकवत. घरी ती सहज काही आठवडे टिकतात, जाड सालीची काळी जास्त. हिमरॉड यासाठी ठेवू नका, तिचे मणी देठापासून सुटतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक घड बघा, पाणी कमी झालं असेल तर भरा आणि एखादा मणी मऊ पडला असेल तर विरळणीच्या कात्रीनेच तो काढून टाका.